लोण्याचा रत्तल

फ्रान्सच्या मध्यभागी तूरेन नावाचा जुना प्रांत आहे. तूर शहरापासून पन्नास-साठ किलोमीटर दक्षिणेला गेले की क्लेझ नावाच्या छोट्या नदीकाठी ल ग्राँ-प्रेसिन्यी हे गाव लागते. या गावच्या शिवारात नांगर धरणाऱ्याला एक त्रास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. फाळ मध्येच खडकन अडायचा, आणि माती बाजूला केली की एक लांबट, जड दगड निघायचा. वीतभर किंवा त्याहून लांब, मध्ये रुंद, टोकाकडे निमुळता. उपडी घातलेल्या होडीसारखा आकार आणि मेणासारखा पिवळसर रंग. बाजारात लोण्याचे लांबट गोळे विकायला येत, तसाच तो दिसे. म्हणून शेतकऱ्यांनी त्याला नाव दिले ‘लीव्र द बर’. लीव्र म्हणजे तिकडचा रत्तल. थोडक्यात, लोण्याचा रत्तल. (रत्तल म्हणजे किती, हे आमच्या तरुण वाचकांनी घरातल्या आजोबांना विचारावे. हा दगड वजनाने रत्तलाच्या कितीतरी पट भरतो, ही गोष्ट वेगळी.)

हा दगड आपल्या हातात आहे अशी कल्पना करू या. नदीतला गोटा नव्हे, हे उघड आहे. त्याचा कोठलाही पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला नाही. दोन्ही कडांवरून आतल्या बाजूला कपच्या उडवलेल्या दिसतात. वरच्या अंगाला मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या एक-दोन रुंद, उथळ पन्हळी आहेत. माणसाने घडवलेला दगड आहे यात शंका नाही. मग हे हत्यार कशाचे? कुऱ्हाड म्हणावी तर धार नाही. फाळ म्हणावा तर टोकाला झीज नाही. हातोडा म्हणावा तर एवढी नक्षीदार मेहनत कशासाठी? आणि एखाद-दुसरा सापडला असता तर गोष्ट वेगळी. येथे तर शेतामागून शेते या दगडांनी आणि त्यांच्या कपच्यांनी भरलेली.

आपण ज्याला सैलपणे गारगोटी किंवा चकमकीचा दगड म्हणतो, त्यातलाच हा अस्सल प्रकार, फ्लिंट. समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीत सिलिका गोळा होऊन त्याचे गोळे व लाद्या बनतात. तूरेनमधल्या या चुनखडीचे वय सुमारे ९ कोटी वर्षे. भूवैज्ञानिक त्या कालखंडाला ‘तूरोनियन’ म्हणतात, आणि ते नाव तूर शहरावरूनच पडलेले आहे. प्रेसिन्यीच्या फ्लिंटचे वैशिष्ट्य असे की त्याच्या लाद्या मोठ्या आणि एकसंध मिळतात. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

१८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गावातल्या लेव्हेये नावाच्या डॉक्टरांनी या दगडांकडे चिकित्सक नजरेने पाहायला सुरुवात केली. खेड्यातला डॉक्टर रुग्णांच्या निमित्ताने वाडीवाडीवर फिरतो. शेताचे बांध त्याच्या पायाखालचे असतात, आणि शेतकरी त्याला जे दाखवील ते परक्या पाहुण्याला दाखवत नाही. लेव्हेये यांच्या लक्षात आले की हे दगड इकडे तिकडे विखुरलेले नाहीत. काही ठिकाणी त्यांचा खच आहे, काही ठिकाणी एकही नाही. म्हणजे येथे कधी काळी कारखानेच होते. १८६४ साली शेव्हालिए नावाच्या एका धर्मगुरूने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला ही बातमी कळवली आणि ग्राँ-प्रेसिन्यीचे नाव युरोपभर झाले.

त्या काळची हवा ध्यानात घेतली पाहिजे. १८५९ साली जोसेफ प्रेस्टविच आणि जॉन ईव्हान्स हे दोघे इंग्रज सोम नदीच्या खोऱ्यात जाऊन आले. नामशेष झालेल्या प्राण्यांच्या हाडांबरोबर सापडणाऱ्या दगडी हातकुऱ्हाडी माणसानेच केलेल्या आहेत, असे बूशे द पेर्त हा जकातखात्यातला अधिकारी कित्येक वर्षे सांगत होता आणि विद्वान हसत होते. या दोघांनी त्याचे म्हणणे मान्य केले. मानवाचा इतिहास एकदम हजारो वर्षे मागे गेला. त्याच लाटेत ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे रॉबर्ट ब्रूस फूट यांना भारतातले पहिले पुराश्मयुगीन हत्यार ओळखता आले. पण नव्या शास्त्राला संशयाचेही ग्रहण लागले होते. त्याच १८६३ साली फ्रान्समध्ये मूलँ-किन्यों येथील खाणीत सापडलेला मानवी जबडा म्हणजे मजुरांनी बक्षिसासाठी केलेली बनवाबनवी होती. इंग्लंडात ‘फ्लिंट जॅक’ या नावाने गाजलेला एक भटक्या तर बनावट दगडी हत्यारे करून संग्रहालयांनाही विकत होता. अशा वेळी एका कोपऱ्यातल्या गावात हजारांनी दगडी हत्यारे सापडली म्हटल्यावर भुवया उंचावणारच.

आक्षेप आला तो असा : हे दगड प्राचीन वगैरे काही नाहीत, बंदुकीच्या चकमकी करणाऱ्या कारागिरांनी टाकून दिलेला हा कचरा आहे. आज हा आक्षेप हास्यास्पद वाटेल, पण तो मूर्खपणाचा मुळीच नव्हता. काडतुसाच्या बंदुका येण्यापूर्वी सैन्याच्या बंदुका चकमकीवर चालत. घोड्याच्या तोंडात फ्लिंटचा चौकोनी तुकडा बसवलेला असे, तो पोलादावर आपटून ठिणगी पडे आणि दारू पेटे. हे तुकडे लवकर बोथट होत, म्हणून ते लाखांनी लागत. या धंद्याचे फ्रान्समधले मोठे केंद्र म्येन हे गाव, आणि ते प्रेसिन्यीपासून एकाच दिवसाच्या घोडेप्रवासावर. तेथेही गावाभोवती फ्लिंटच्या टाकाऊ कपच्यांचे ढिगारे होते. मग शेजारच्या तालुक्यातले ढिगारेही त्याच धंद्याचे असतील, असे एखाद्याला वाटले तर त्याचे काय चुकले?

वाद सोडवायचा कसा? येथे दगडाकडे नीट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. लबक, स्टेनस्ट्रुप, ईव्हान्स अशा त्या वेळच्या नावाजलेल्या अभ्यासकांनी प्रेसिन्यीच्या दगडांवर लिहिले ते याच काळात. आपणही तो विचार पायरीपायरीने करून पाहू.

फ्लिंटला काचेसारखे कण वा थर नसतात. त्यामुळे घाव बसला की त्याच्यातून एक लाट शंकूच्या आकारात पसरत जाते आणि दगड त्या लाटेच्या वाटेने फुटतो. खिडकीच्या काचेला छर्रा लागला की आतल्या बाजूला शंकूसारखी टवका निघालेली जागा दिसते, तसेच हे. फुटलेल्या कपचीवर घावाच्या बिंदूजवळ एक फुगवटा येतो आणि त्यापासून पुढे पाण्यातल्या तरंगांसारख्या रेषा उमटतात. जिथून कपची निघाली त्या दगडावर त्याच फुगवट्याचा खळगा राहतो. म्हणजे दगडावरचे खळगे वाचता आले तर कोणत्या बाजूने, कोणत्या क्रमाने, कशाने घाव घातले हे सांगता येते. (हा प्रयोग वर्गात बाटल्या फोडून करू नये. काचेची आणि फ्लिंटची कपची सारखीच, दोन्ही डोळ्यात जातात. पाण्यात खडा टाकून तरंग दाखवावेत आणि एखादी फुटलेली जाड काच डब्यात ठेवून बघायला द्यावी, एवढे पुरे.)

आता बंदुकीच्या कारागिराला काय हवे असते? बोटभर लांबीचे पाते मिळाले तरी त्याचे दोन-तीन तुकडे पाडून त्याचे काम भागते. वीत-दीड वीत लांबीचे एकसंध पाते काढण्याची त्याला काहीच गरज नाही. उलट ते काढताना मोडण्याचा धोका अधिक. शिवाय तो टोकदार लोखंडी हातोडी वापरतो, तिचा घाव एका बारीक बिंदूवर बसतो आणि त्याची खूण वेगळी दिसते. लोण्याच्या रत्तलावरच्या खुणा लोखंडाच्या नाहीत.

आणि या वादावर कायमचा पडदा पाडणारा पुरावा शेकडो किलोमीटरवर पाण्याखाली पडून होता. १८५३-५४ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या तळ्यांचे पाणी फार उतरले आणि काठच्या चिखलात प्राचीन वस्त्यांचे लाकडी खांब उघडे पडले. अशा वस्त्यांमधून मेणाच्या रंगाची, लांबच लांब दगडी पाती निघाली आहेत. त्यांच्या कडा नाजूकपणे घडवून त्यांचे खंजीर केलेले आहेत. हा दगड तिकडच्या डोंगरांतला नव्हे. तो प्रेसिन्यीचा आहे. ज्या वस्तीत लोखंडाचा खिळाही नाही तेथे बंदुकीच्या चकमकीचा प्रश्नच येत नाही.

येथे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. लोण्याचा रत्तल हे हत्यार नव्हेच. तो गाभा आहे. कणसातले दाणे काढून घेतल्यावर उरलेले बुरकुंड म्हणा ना! वरच्या अंगाला ज्या लांब पन्हळी आहेत त्या निघून गेलेल्या पात्यांच्या जागा. घडवणाऱ्याला हवी होती ती पाती. ती निघाली आणि दूरदेशी गेली. शेतकऱ्याच्या नांगराला अडला तो मागे उरलेला कचरा. मोठा, देखणा, मेहनतीने घडवलेला, पण कचराच. शेतात फिरताना नवशिक्या माणसाची नजर मोठ्या आणि आकर्षक दगडावर जाते आणि तो त्याला हत्यार समजतो. खरे हत्यार बहुधा तेथे नसतेच, असेल तर मोडलेले असते.

आता एवढी मेहनत कशी केली जाई ते पाहू, कारण आमच्या मते या कथेतला सर्वांत रसाळ भाग हाच आहे. एकोणिसाव्या शतकात दगडाचे आणि त्याच्या वयाचे कोडे सुटले तरी पात्याचे सुटले नव्हते. पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब, तीन-चार सेंटिमीटर रुंद आणि सेंटिमीटरभर जाडीचे पाते एका घावात कसे काढायचे? काही पाती तर ३५ सेंटिमीटरच्याही पुढे जातात. दगडाने दगडावर हाणले तर आखूड, जाड कपच्या निघतात. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडला. फ्रान्समधले झाक पेलग्रँ हे पुरातत्त्वज्ञ स्वतः दगड घडवण्यात वाकबगार आहेत. त्यांनी जुन्या गाभ्यांवरच्या खुणा वाचल्या आणि मग कित्येक प्रयत्न करून स्वतः तशी पाती काढून दाखवली.

पहिले काम दगड निवडण्याचे. चीर वा भेग नसलेली लादी पाहिजे. मग दगडी हातोड्याने दोन्ही कडांवरून कपच्या काढत तिला होडीचा आकार द्यायचा. ज्या अंगावरून पाती निघायची ते अंग लांबीच्या दिशेने हलकेच कमानदार आणि रुंदीच्या दिशेनेही किंचित फुगीर ठेवायचे. कमान जास्त झाली तर पाते मध्येच संपते, कमी झाली तर लाट दगडात खोल शिरते आणि सगळा गाभा खराब करून बाहेर पडते. हे जमले की एका टोकाला घाव घालण्याची जागा तयार करायची. हे काम फार बारीक. फ्लिंटच्या टोकदार तुकड्याने ती जागा टोचून टोचून अशी घडवायची की मधोमध एक छोटा उंचवटा राहील. आपल्याकडे पाटा-वरवंटा टाकी लावणारी बाई जशी एकसारखी टक्‌टक्‌ करते, तसेच काहीसे. मग त्या उंचवट्यावर सांबराच्या शिंगाची छिन्नी अचूक कोनात टेकवायची आणि वरून मोगरीने एक घाव. घाव थेट दगडावर बसत नाही, शिंगातून जातो. म्हणून तो नेमक्या जागी पडतो आणि लाट कमानीवरून शेवटपर्यंत धावत जाते. सगळे जमून आले तर पाते अलगद सुटून हातात येते. पुढच्या पात्यासाठी टोक पुन्हा टोचून तयार करायचे. एका गाभ्यातून अशी मोजकीच पाती मिळत.

चुकण्याच्या जागा किती आहेत ते पाहा! प्रेसिन्यीच्या शेतांत सापडणारे पुष्कळ गाभे या चुकांचीच नोंद आहेत. कोठे पाते अर्ध्यात तुटले आहे, कोठे आतली भेग ऐन वेळी उघडली आहे. हे काम कोणीही शेतकरी फावल्या वेळात करत असेल हे संभवत नाही. वर्षानुवर्षे शिकलेले थोडे कारागीर असणार, असेच अभ्यासकांचे मत आहे. आणि ते नवाश्मयुगाच्या अखेरीस, म्हणजे साधारणतः इ.स.पू. ३००० ते २४०० या काळात काम करत होते. दक्षिण फ्रान्समध्ये तेव्हा तांबे माहीत झाले होते. धातूचे खंजीर दिसू लागले असताना दगडाचे सर्वांत उत्तम खंजीर घडवले जात होते, हा योगायोग नसावा असे आम्हाला वाटते. बैलगाडीच्या धावा, कंदिलाच्या काचा या वस्तूही त्यांची जागा घेणारी वस्तू दारात आली तेव्हाच सर्वांत सुबक बनू लागल्या होत्या.

साधारण याच काळात आपल्या उपखंडात, सिंध प्रांतातल्या रोहरीच्या टेकड्यांवर, चर्ट या फ्लिंटच्या भाईबंदाची लांब पाती निघत होती आणि ती सिंधू संस्कृतीच्या नगरांतून गुजरातपर्यंत पोचत होती. दोन्हींचा परस्परांशी काही संबंध नाही. पण चांगला दगड एका ठिकाणी असला आणि त्याची गरज दूरवर असली की काय घडते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

प्रेसिन्यीची पाती कोठवर गेली? ब्रिटनी, बेल्जियम, जर्मनी, स्वित्झर्लंड. नेदरलँड्समधल्या कबरींतून सापडलेले खंजीर निघाल्या जागेपासून ७०० किलोमीटरवर आहेत. तेव्हा या प्रदेशात घोडागाडी नाही, पक्का रस्ता नाही. एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे, हातोहात, असाच त्यांचा बराचसा प्रवास झाला असावा. येथे एक सावधगिरीची सूचना. मेणाच्या रंगाचा प्रत्येक फ्लिंट प्रेसिन्यीचा नसतो. ईशान्य फ्रान्समध्ये रोमिन्यी-लेरी येथे दिसायला जवळजवळ तसाच दगड मिळतो आणि त्याने जुन्या संग्राहकांना पुष्कळ चकवले आहे. दगडातले सूक्ष्म जीवाश्म भिंगाखाली पाहिल्याशिवाय नुसत्या रंगावरून निकाल देऊ नये.

फ्रेंच आल्प्सच्या पायथ्याशी पालाद्रू तळ्यात शारावीन येथे १९७२ पासून पाण्याखाली उत्खनन झाले. तेथील वस्ती इ.स.पू. सत्ताविसाव्या शतकातली, हे घरांच्या खांबांची वाढवलये मोजून ठरले आहे. चिखलात हवा पोचत नसल्याने लाकूड, दोर, कापडाचे तुकडेसुद्धा टिकले. तेथे प्रेसिन्यीचे खंजीर मुठीसकट मिळाले आणि ते धरायचे कसे हे प्रत्यक्ष दिसले. पण या खंजिरांनी मारले कोणाला? सूक्ष्मदर्शकाने धारा तपासल्या तेव्हा त्यांच्यावर रक्तपाताऐवजी एक वेगळीच चकाकी आढळली. गवत किंवा धान्याची ताटे कापताना देठातल्या सिलिकामुळे दगडी धारेवर जी झिलई चढते ती ही. ज्याला आपण रुबाबात खंजीर म्हणतो तो या गावात निदान आयुष्याच्या उत्तरार्धात तरी विळा होता! झिजला की धार काढायची, आखूड होत गेला की शेवटी आणखी कशाला तरी वापरायचा. याउलट नेदरलँड्समधल्या कबरींतले खंजीर अन्नेलू व्हान खेन यांनी तपासले, तर त्यांच्यावर कापल्याच्या खुणा जवळजवळ नाहीत. म्यानातून काढताना आणि घालताना झालेली घासणी तेवढी दिसते. एकच वस्तू, एकाच खाणीतली. एका ठिकाणी विळा आणि दुसऱ्या ठिकाणी मिरवण्याची वस्तू. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ‘ओत्झी’ या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कमरेलाही म्यानात फ्लिंटचा खंजीर होता. तो मात्र इटलीतल्या दगडाचा, आणि पाते अगदी आखूड.

हे सगळे आपल्याला कळले ते तळ्यातल्या चिखलातून आणि कबरींतून. मग नांगरलेले शेत आपल्याला काय सांगते? नांगर जमिनीचा वरचा वीतभर थर दरवर्षी उलटापालटा करतो. त्या थरात कारागिराची बैठक, चूल, झोपडी असे काही असले तर ते केव्हाच नष्ट होते. वस्तू वर येतात आणि त्यांची मूळ जागा जाते. लोखंडी फाळ घासून दगडावर गंजाच्या तांबूस रेघा उमटतात. मोडलेल्या कडा ताज्या असतील तर आतला रंग वेगळा दिसतो, त्यावरून मोड जुनी की नांगराची हे ओळखता येते. असे असले तरी नांगर जेवढे मोडतो तेवढे दाखवतोही. प्रेसिन्यीच्या जवळ बारू गावी ला क्रझेत येथे १९७० साली नांगरटीत लांब पात्यांचा एक साठाच उघडा झाला. शंभराहून अधिक पाती एकत्र पुरून ठेवलेली होती. खंजीर करण्यासाठी पुढे पाठवायचा माल असावा. कोणी पुरला आणि परत का आला नाही, हे कोण सांगणार? मात्र शेतातून निघून गेलेली पाती एकदा तरी निघण्यापूर्वीच्या अवस्थेत सापडली, ती ट्रॅक्टरच्या खोल नांगरटीमुळे.

आपल्याकडे दायमाबादला १९७४ साली एक मजूर झाडाचे खोड खणत असताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशा चार भरीव, जड ब्राँझमूर्ती निघाल्या, ते पुष्कळांना आठवत असेल. त्या मूर्ती कोणत्या थरातल्या, यावर नंतर तज्ज्ञांत मतभेद झाले. कारण त्या उत्खननात नव्हे, अशा अवचित निघाल्या.

महाराष्ट्राच्या दख्खनी कातळात फ्लिंट मिळत नाही. पण बेसाल्टच्या पोकळ्यांत अकीक, कॅल्सेडनी, जास्पर मिळतात, आणि तेही काचेसारखेच फुटतात. जोर्वे, नेवासे, इनामगाव येथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी त्यांची पाती काढली. ती बोटाच्या पेराएवढी किंवा बोटाएवढी, कारण गोळेच लहान. पण रीत ओळखीची वाटेल : गाभ्याच्या एका अंगाला दोन्हीकडून कपच्या काढून आधी एक कंगोरा तयार करायचा आणि पहिले पाते त्या कंगोऱ्याच्या आधाराने काढायचे. पहिल्या पात्याच्या पाठीवर आडव्या खाचा असलेली धार राहते. असे खाचांचे पाते शेतात मिळाले तर समजावे की तेथेच कोठेतरी पाती काढली जात होती, कारण असले पाते सहसा कोणी बाहेरगावी देत नाही.

उन्हाळ्यात नांगरट होऊन वळवाचा पहिला पाऊस पडून गेला की ढेकळे धुऊन निघतात आणि कॅल्सेडनीचे तुकडे चमकू लागतात. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना, आठ-दहा विद्यार्थ्यांनी दहा-दहा पावलांच्या अंतरावर ओळीने चालायचे. शेतमालकाला आधी विचारायचे. काही दिसले तर उचलण्यापूर्वी गट क्रमांक, बांधापासूनची पावले, झाड किंवा विहीर यांची दिशा वहीत लिहायची. आता फोनवर ठिकाण नोंदवता येते, तेही करावे. संरक्षित ठिकाणी काही उचलू नये आणि कोठेही खणू नये. आणखी एक गोष्ट, जी युरोपातल्या पुस्तकांत सापडणार नाही. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या टेकाडाला ‘पांढरी’ म्हणतात, आणि तिची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात टाकण्याची रीत आहे. तेव्हा काळ्या रानात खापऱ्या आणि पाती सापडली म्हणजे तेथेच वस्ती होती असे नाही. ती मातीबरोबर गाडीत बसून आलेली असू शकतात. माती कोठून आणली हे शेतातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारले की बरेचदा पाच मिनिटांत उलगडा होतो.

आमच्या टेबलाच्या खणात कॅल्सेडनीचे एक पाते आहे. दुधी रंगाचे, दोन्ही धारा अजून हाताला लागणाऱ्या, पाठीवर ती आडव्या खाचांची धार. ते आम्ही पुष्कळ वर्षांपूर्वी प्रवरेच्या खोऱ्यात एका नांगरलेल्या शेतातून उचलले, रुमालात बांधले आणि एस.टी. पकडण्याच्या घाईत काहीही लिहिले नाही. त्या दिवशी आम्ही चार गावे हिंडलो होतो. शेत कोणते, कोणत्या गावचे, हे आता आठवत नाही. पाते एका जाणकार मित्राला दाखवले तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “कुठलं?”